साळिंदर छाप कंपनीची दुरियन सभा

हे कुणी खरं मानणार नाही. मानू नकाच. इपोहच्या ह्या कॉफीच्या दुकानात बसून आजवर जेवढ्या गोष्टी सांगितल्या, त्यातली एकही ज्यांनी खरी मानली नाही तेच लोक अजून येतात. खरं मानणारे कधीच शहाणे होऊन घरी बसले. पण ह्या गोष्टीत कायदा आहे, प्रोफेसर आहे, कंपनीची भागधारक सभा आहे. म्हणजे खोटं घालायला जागा उरली कुठे? साऊ यिन, तू दुकानाची मालकीण ना, मग गल्ल्यावर बसून दात काढू नकोस. कॉफी ओत.

“ओतते,” साऊ यिन म्हणाली. “पण आज पुन्हा वाघ आला तर मी उठून जाईन, अंकल.”

“आज वाघ नाही. आज दातुक फूंग आहे.”

“मग वाघच बरा होता.”

तर मरगदम. पाडांग बेसारच्या सीमेवर कस्टममध्ये तिने तेहेतीस वर्षं काढली. थायलंडहून येणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासायच्या, एवढंच काम. पण तपासता तपासता तिची नजर अशी तयार झाली की एकदा एका गरोदर बाईच्या पोटावर टकटक करून ती म्हणाली, “हे बाळ नाही, तांदूळ आहे.” आणि तांदूळच निघाला. सतरा किलो, सुवासिक. बाई रडायला लागली, तेव्हा मरगदमने रडणंही तपासून पाहिलं. तेही खोटं निघालं.

निवृत्त होऊन ती इपोहला आली आणि इथल्या सगळ्या निवृत्त माणसांनी करावं तेच तिने केलं: दहा-बारा कंपन्यांचे शंभर-शंभर शेअर घेतले. श्रीमंत व्हायला नव्हे. सभेच्या दारात मिळणाऱ्या भेटीसाठी. छत्री, टॉवेल, पाण्याची बाटली, दोन करीपाप, म्हणजे तिखट करंज्या, आणि ज्यूसचा खोका. इथे असे बहाद्दर आहेत की एका सकाळी तीन सभा गाठतात. दारात सही करायची, भेट पिशवीत टाकायची, सभागृहाचं तोंडही न बघता पुढची बस धरायची. मरगदमही भेट घ्यायची, पण दारातच उघडून बघायची. छत्री पूर्ण उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. मागची रांग शिव्या घालायची.

तिच्या कंपन्यांत एक होती लांडाक फूड्स. लांडाक म्हणजे साळिंदर. साळिंदर छाप बिस्किट तुम्ही लहानपणापासून कॉफीत बुडवून खाताय. वर भोकं असतात ती साळिंदराच्या काट्यांनी पाडतात असं आपल्याला आया सांगायच्या. कंपनीचे अध्यक्ष दातुक फूंग; दातुक ही सुलतानाने दिलेली पदवी. एवढा चिक्कू माणूस की गेल्या वर्षी दारात भेट म्हणून तुटक्या बिस्किटांचा पुडा दिला आणि वर चिठ्ठी चिकटवली: ‘चव तीच.’

आणि ह्या वर्षी सभेच्या नोटिशीबरोबर एक रंगीत पत्रक आलं. ‘सन्माननीय भागधारकांसाठी सभेपूर्वी हॉटेलच्या वाहनतळात मुसांग किंग दुरियन. पोटभर.’

मरगदमने ते पत्रक उजेडासमोर धरलं. मग पाठीमागून वाचलं. मग खुर्चीवर बसली.

मुसांग किंग! सगळ्या दुरियनांतलं सर्वांत महाग फळ, आणि तेही पोटभर, आणि तेही फूंगकडून? तुटकं बिस्किट देताना ज्याचा जीव तुटला, तो माणूस तीनशे म्हाताऱ्यांना दुरियन चारणार? तिने नोटिशीचा जाडजूड गठ्ठा ओढला आणि वाचायला बसली. चौऱ्याण्णव पानं. पहिल्या साठ पानांत काही नव्हतं. तिला माहीत होतं की नसणार. चोरटा माल कुणी पिशवीच्या तोंडाशी ठेवत नाही. एकसष्टाव्या पानावर, बारीक अक्षरांत, खालून तिसऱ्या ओळीत सापडलं. इपोहजवळची मेंगलेम्बूची जमीन, तिच्यावरच्या बेकरीसकट, दातुकच्या मुलाच्या खाजगी कंपनीला विकायची. बिस्किटं बनवण्याचं काम ‘योग्य त्या ठिकाणी’ हलवायचं.

मेंगलेम्बूची बेकरी म्हणजे मोठी भट्टी. आणि मोठी भट्टी म्हणजे कदिर.

कदिरेसन तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मरगदमने त्याला वाढवला, आणि शाळेत काही जमेना तेव्हा स्वतः जाऊन त्या बेकरीत चिकटवला. एकतीस वर्षं झाली. भट्टीच्या पाठीमागे एक खोली होती, तिच्यात तो राहायचा. बहिणीने तीनदा आपल्या घरी आणून ठेवला, तिन्ही वेळा आठवड्याच्या आत परत गेला. भिंतीतून भट्टीची ऊब पाठीला लागल्याशिवाय त्याचा डोळा लागत नव्हता. लग्न नाही, मित्र नाहीत, दुसरं काही येत नाही. ठराव पास झाला की भट्टी विझणार आणि खोली जाणार. मग अठ्ठेचाळीस वर्षांच्या त्या माणसाला घेऊन ती जाणार कुठे?

ती प्रोफेसर तार्मिझींकडे गेली. ह्या गृहस्थांनी चाळीस वर्षं विद्यापीठात आशियातल्या देशोदेशींचे कंपनी कायदे शेजारी शेजारी मांडून शिकवले होते. निवृत्त झाले तरी सवय जाईना. भेंडी घ्यायला गेले तर भाजीवाल्याला सांगत बसायचे की हाच सौदा हाँगकाँगमध्ये कसा धरला गेला असता. भाजीवाला त्यांना बघून भेंडी आधीच बांधून ठेवायचा.

“जमीन कंपनीची,” मरगदम म्हणाली. “विकणारा बाप, घेणारा पोरगा. बरोबर?”

“बरोबर, मॅडम. आणि म्हणूनच बापाला, पोराला आणि त्यांच्या गोतावळ्याला ह्या ठरावावर मत देता येत नाही. उरलेल्यांनी ठरवायचं. तुम्ही, मी, ते छत्र्या गोळा करणारे.”

“मग जिंकलोच की आपण.”

“थांबा. उरलेल्यांनी म्हणजे त्या दिवशी सभागृहात जे हजर असतील त्यांनी. इंडोनेशियात बाहेरच्या भागधारकांपैकी निम्म्याहून जास्त आले नाहीत तर असली सभा भरतच नाही. थायलंडमध्ये आलेल्या मतांपैकी चारात तीन लागतात. जपानात तर ज्याचा स्वार्थ त्यालाही मत देऊ देतात आणि मग तुम्हाला म्हणतात, जा, कोर्टात जाऊन ओरडा. आपल्याकडे हजर मतांच्या निम्म्याहून जास्त. बस. कमी आले तर कमी आले.”

“घरबसल्या मत देता येतं ना? कागदावर लिहून?”

“येतं. पण तो कागद सभेच्या दोन दिवस आधी पोचावा लागतो. मुदत काल संपली.”

मरगदमने त्यांच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. “तुम्ही मला हे फुकट का सांगताय?”

“मला कुणी विचारत नाही म्हणून.”

“फूंगला ओळखता?”

“एकदा जेवलो होतो त्याच्याकडे. लग्नात.”

“कुणाच्या?”

“त्याच्या मुलाच्याच.”

मरगदमने मनात त्यांच्या नावावर खडूची फुली मारली. कस्टममध्ये संशयित पिशवीवर मारायचे तशी.

“दुरियनचं मला विचाराल,” प्रोफेसर म्हणाले, “तर तो मतं खरेदी करतोय. खाऊ घालायचं आणि हो म्हणून घ्यायचं.”

“नाही. लाच पिशवीत देतात, घरी नेऊन दाखवता येईल अशी. पोटात जाईल असं देतात तेव्हा काहीतरी वेगळं असतं.”

“काय?”

“ते कळलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?”

तिथून ती थेट मेंगलेम्बूला गेली. दुपारची वेळ, भट्टी थंडावलेली, कदिर खोलीत शीळ घालत बसलेला. अंगात नवा कोरा शर्ट, खिशावर साळिंदर.

“हा शर्ट कुठला?”

“कंपनीने दिला, अक्का. सगळ्यांना दिला. फोटो काढला.”

“कशासाठी?”

“फोटोसाठी.”

तिने त्याला खोलीबाहेर काढलं आणि खोली तपासली. गादीखाली, गणपतीच्या तसबिरीमागे, चपलेच्या आत. स्वतःच्या भावाची खोली! हात क्षणभर थांबला. मग थांबला म्हणून तिला हाताचाच संशय आला आणि तिने बिस्किटांचा जुना डबा उघडला. आत एक कागद. कामगारांची यादी, आणि वर लिहिलेलं की बेकरी हलवण्यास आमची काही हरकत नाही. अकरावी सही कदिरची. खाली मारलेली रेघसुद्धा त्याचीच.

“हे काय आहे रे मेल्या?”

“मॅनेजरने दिलं. एक प्रत त्याला, एक आम्हाला. म्हणाला, दातुकना कळवायचंय की आम्ही खूश आहोत.”

“तू खूश आहेस?”

“पहाटे भट्टी लागली की असतो.”

“मग सही करण्याआधी वाचलं का नाहीस?”

“तू सगळं वाचतेस ना, अक्का. म्हणून मी वाचत नाही.”

 तिने तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये खोचला आणि इतकंच म्हणाली, “उद्या माझ्याबरोबर सभेला यायचं. छत्री धरायला.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, वाहनतळात दुरियनचे ढीग होते. ढीग म्हणजे, इपोहच्या चुनखडीच्या डोंगरांना क्षणभर आपल्यात नवीन कोण आलं असं वाटावं एवढे.

“झालं सुरू,” साऊ यिन म्हणाली.

बरं, थोडे बुटके. पण वास! दुरियन दिसायला फणसाचा चुलत भाऊ, पण वास असा की फणसाने नातं नाकारावं. आणि चव अशी की खाणारा बायकोचं नाव विसरतो. तीनशे म्हातारे-म्हाताऱ्या उकिडव्या बसून बोटं चाटत होत्या. कुणी गुडघेदुखी विसरलं होतं, कुणी साखर. चार माणसं कोयत्याने फळं फोडत होती आणि ओरडत होती, “घ्या आंटी, अजून घ्या, दातुककडून आहे!”

मरगदमने खाल्लं नाही. तिने एक फळ मागितलं, स्वतः फोडलं, आणि गर बोटांनी चाचपून बघितला. पहिला कप्पा, दुसरा, पाचही. बियासुद्धा दाबून पाहिल्या. काही नाही. चांगलं, ताजं, निर्दोष दुरियन. तिचा संशय आणखी वाढला.

मग तिने फळ सोडून माणसांकडे पाहायला सुरुवात केली, आणि तिथे सापडलं. गर्दीच्या कडेकडेने वीस-बावीस पुरुष चालले होते. इस्त्रीचे शर्ट, रुमाल नाकाला लावलेले. दुरियनकडे ढुंकून न बघता ते सरळ हॉटेलच्या दारातून आत गेले. त्यातल्या एकाला तिने ओळखलं: दातुकचा दातांचा डॉक्टर. दुसरा त्यांच्याबरोबर गोल्फ खेळायचा. नातेवाईक कुणीच नाही. कायद्याच्या डोळ्याला दिसणार नाहीत असेच निवडलेले. आणि त्यांच्या मागोमाग, हातात छत्री आणि फाइल, प्रोफेसर तार्मिझी.

“बघितलंस?” ती कदिरला म्हणाली. “लग्नात जेवला होता. मीठ खाल्लेला माणूस.”

इस्त्रीवाल्यांनी दुरियन का खाल्लं नाही? ती त्यांच्या वाटेने दारापर्यंत गेली आणि तिथे तो फलक पाहिला, जो आपण इथे सगळ्या हॉटेलांच्या दारात जन्मभर पाहत आलोय आणि म्हणूनच कधी बघत नाही. दुरियनचं चित्र, त्यावर लाल गोल, मध्ये तिरपी रेघ. दुरियन आत आणायला मनाई.

मरगदमच्या पायाखालचा वाहनतळ सरकला. तीनशे भागधारक पोट भरून, हातातोंडाला वास घेऊन बाहेर बसलेत. दारात दोन नेपाळी दरवान. नावनोंदणी दहाला बंद. आणि आत वीस इस्त्रीवाले हात धुतलेले.

ती धावली. दहाला सात मिनिटं होती.

“दिदी, हात दाखवा,” दरवान म्हणाला.

“मी खाल्लं नाही!”

“हात, दिदी.”

त्याने हुंगलं आणि मान हलवली. पाचही कप्पे तिने स्वतः चाचपले होते. तेहेतीस वर्षं जिने दुसऱ्यांचे हात हुंगले, तिला दारात अडवलं ते हात हुंगूनच. सालीच्या वाटीत पाणी घेऊन धुतलं की वास जातो, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तिने तसे तीनदा धुतले. दरवानाने तीनदा हुंगलं आणि तीनदा मान हलवली. वास खरंच राहिला होता की त्याला तसं सांगून ठेवलं होतं, हे तिला आजही ठरवता आलेलं नाही. एव्हाना बाकीचे म्हातारेही दाराशी जमले होते आणि दरवान कुणालाच आत सोडत नव्हते. दहा वाजले. आतला काचेचा दरवाजा लागला.

हॉटेलच्या दर्शनी भागात मोठा पडदा होता, त्यावर सभा दिसत होती. अध्यक्षाच्या खुर्चीत दातुक फूंग बसलेले, नुकतंच दूध प्यायलेल्या मांजरासारखे. म्हणाले, “उपस्थिती थोडी कमी दिसते. हरकत नाही. ठराव मताला टाकू या?”

आणि सभागृहात एक हात वर झाला. प्रोफेसर तार्मिझी.

“हा बघ, आता अनुमोदन देतो,” मरगदम दात खात म्हणाली.

“अध्यक्ष महाराज,” प्रोफेसर माईकपाशी येऊन म्हणाले, “मताआधी भागधारकाला प्रश्न विचारायचा हक्क आहे. माझा प्रश्न छोटा आहे. पण तो समजायला आपल्याला आधी अठराशे नव्व्याण्णव सालच्या जपानी व्यापारी कायद्याकडे जावं लागेल.”

मरगदमने मनातली खडूची फुली पुसली. भेंडी घेताना पाऊण तास लावणारा माणूस, आणि त्याच्या हातात माईक!

जपान संपलं तेव्हा साडेदहा झाले होते. मग कोरिया: तिथली मोठी घराणी एका कंपनीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत कशी शिरतात, चुलत्या-पुतण्यांच्या नावांसकट. तैवानला पाणी प्यायले. फिलिपिन्सला एक इस्त्रीवाला घोरायला लागला. दातांचा डॉक्टर मात्र खिशातून वही काढून टिपणं घेऊ लागला.

“अध्यक्षाने माईक बंद नाही केला?” साऊ यिनने विचारलं.

“केला की. पण तीनशे पोरांच्या वर्गात चाळीस वर्षं ओरडलेला गळा तो. माईक बंद केल्यावर जास्त स्पष्ट ऐकू यायला लागलं.”

पण कुणीही किती बोलेल? आशियात देश मोजकेच. मरगदमने मनात हिशेब केला: व्हिएतनाम, सिंगापूर, फार तर श्रीलंका. “कदिर,” ती म्हणाली, “आपण गेलो रे. आत जाताच येत नाही.”

कदिर तिथे नव्हता. तो इमारतीच्या बाजूला, स्वयंपाकघरामागच्या भिंतीपाशी उभा होता. बोट ओलं करून हवेत धरलेलं. भिंतीत दार होईल एवढी मोठी लोखंडी जाळी होती.

“अक्का, इथून ओढतंय,” तो म्हणाला. “भट्टी ओढते तसं. वर त्या सभागृहाला गार हवा लागते ना, ती इथून जाते.”

“मग?”

“आपल्याला आत जाता येत नाही. पण इथे जे ठेवशील ते जाणार.”

एकतीस वर्षं वारा कुठून येतो आणि कुठे जातो एवढंच बघितलेला माणूस. मरगदमने जाळीकडे पाहिलं, मग वाहनतळातल्या सालींच्या डोंगरांकडे. आणि कस्टममधल्या जुन्या आवाजात ओरडली, “ए, सगळे इकडे या! रांग लावा! ढकलाढकली नको!”

तीनशे पेन्शनर रांगेत उभे राहिले. रांग लावायचा सराव त्यांच्याइतका कुणाला? साल हातोहात सरकू लागली. काटे टोचत होते, कुणी ‘आई गं’ म्हणत होतं, कुणी मागच्याला ‘नीट धर रे’ म्हणून झापत होतं. जाळीपुढे कमरेइतका ढीग झाला, मग छातीइतका. कदिर सालींची पोटं जाळीकडे वळवून रचत होता, भट्टीत ट्रे लावावेत तसा, एकाआड एक, वारा खेळता ठेवून.

वर प्रोफेसर व्हिएतनाममध्ये होते. पडद्यावर आधी दातुकच्या सेक्रेटरीचं नाक आक्रसलं. मग पहिली रांग एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. ‘तू खाल्लंस?’ ‘मी नाही, तूच.’ गोल्फवाल्याने डॉक्टरचे हात हुंगले. पाच मिनिटांत सभागृहात असा वास भरला की घोरणारा इस्त्रीवाला जागा झाला आणि म्हणाला, “चमचा द्या.”

हॉटेलचा मॅनेजर धावत आला. “सगळ्यांनी बाहेर. ताबडतोब. वास गेल्याशिवाय इथे कार्यक्रम होणार नाही.”

“पाच मिनिटं थांब!” दातुक ओरडले. “मतदान होऊ दे!”

“नियम म्हणजे नियम, दातुक. काल संध्याकाळी तुम्हीच मला तो तीनदा मोठ्याने वाचायला लावलात.”

सभा बाहेर आली. इस्त्रीवाले रुमालात, दातुक घामात, प्रोफेसर अजून सिंगापूरवर बोलत.

“सभा संपली!” दातुक म्हणाले.

“संपवता येत नाही,” प्रोफेसर म्हणाले. “सभेच्या संमतीशिवाय तर नाहीच. जागा बदलता येते. कुठे घ्यायची, सभेला विचारा.”

“इथे!” तीनशे तोंडं ओरडली, आणि त्या तोंडांच्या वासाने दातुक दोन पावलं मागे सरले. नोंदणीचं टेबल बाहेर आलं, आणि जागा नवी म्हणून नोंदणीही नव्याने सुरू झाली. मतं मोजायला बाहेरून बोलावलेली एक तरुण मुलगी होती. दुरियनच्या खोक्यावर बसून एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने मोजत होती. मरगदम तिच्या मागे उभी राहिली आणि एकेक चिठ्ठी उजेडासमोर धरायला लावली.

ठराव पडला. शंभर मतांनी.

“बरोबर शंभर?” साऊ यिन म्हणाली.

“बरोबर शंभर. एका शेअरला एक मत. मरगदमचे शेअर किती? शंभर. आणि माहीत आहे तिने काय केलं? फेरमोजणी मागितली. म्हणाली, इतकं नीटनेटकं कसं आलं, ह्यात काहीतरी गडबड आहे. जिंकलेल्या बाजूने फेरमोजणी मागितल्याचं उदाहरण आशियातल्या एकाही देशात नाही, असं प्रोफेसर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यापुढे काही बोलले नाहीत. पुन्हा मोजलं. पुन्हा शंभर.”

तेव्हा कुठे ती एका उलट्या खोक्यावर बसली. ब्लाउजमधला तो सह्यांचा कागद काढला, कदिरच्या हातात दिला. “फाड,” म्हणाली. त्याने फाडला. मग तिने एक गर उचलला, चारी बाजूंनी पाहिला, आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कदिरने भट्टी लावली, आणि तेव्हापासून रोज लावतोय. त्याच खोलीत राहतो, त्याच भिंतीला पाठ लावून झोपतो. दातुक फूंग त्या रस्त्याने जातात तेव्हा गाडीची काच वर करतात. खोटं वाटतं? हा काय पुरावा समोर आहे. हे बिस्किट बघा, साळिंदर छाप, त्याच भट्टीतलं, कदिरच्या हातचं. कॉफीत बुडवलं तरी मोडत नाही. मेंगलेम्बूची आच लागल्याशिवाय बिस्किटाला हा कडकपणा...

साऊ यिन गल्ल्यावरून उठली. टेबलावरचा पुडा तिने उचलला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं वाचलं, “उत्पादन स्थळ: हाट याई, थायलंड.” पुडा तिने परत टेबलावर ठेवला. “खोटं बोलताय, अंकल. ती भट्टी त्याच वर्षी विझली. चिमणी पाडली तेव्हा मी तिथेच रस्त्यापलीकडे उभी होते, मरगदम आंटीच्या शेजारी.”